तोडी आली की गिटार गप्प

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, जिने जपून चढायचे आणि जमिनीवर मांडी घालून बसणं आता विसरायचं. जिन्यांचं मला काही वाटलं नाही. मांडीचं ऐकून मात्र मी तिथेच त्यांच्यासमोर रडले. नवरा त्यांना समजावत होता, "ती वीणा वाजवते हो." डॉक्टर म्हणाले, "मग खुर्चीवर बसून वाजवू देत की." त्यांनी वीणा जवळून पाहिलेली नसावी.

तरी घरी येऊन सगळं करून पाहिलं. खुर्चीवर बसून पाहिलं, पलंगाच्या कडेला टेकून पाहिलं, वीणा टेबलावर आडवी ठेवून आपण उभं राहून पाहिलं. टेबलावर ठेवलेली वीणा वाजवताना इस्त्री करतोय असं वाटायचं. शेवटी मी तिला खोळ घातली आणि देवघराच्या शेजारी ठेवून दिली. काही महिने मी त्या खोलीत दिवा लावायलासुद्धा घाईघाईने जायची आणि घाईघाईने बाहेर यायची.

मग एकदा कपाट आवरताना मुलाची गिटार निघाली. इंजिनिअरिंगला असताना त्याने हट्टाने घेतली होती. लाल रंगाची, विजेवर वाजणारी, सोबत एक चौकोनी ॲम्प्लिफायर. आमचा मुलगा वस्तू आणायला जितका उत्साही तितकाच ती वापरायला आळशी. त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "अम्मा, तू वाजव. माझ्यापेक्षा तुलाच जास्त जमेल." त्याने हे थट्टेत म्हटलं असेल, पण मी खुर्चीवर बसले, गिटार मांडीवर घेतली, तारा वीणेसारख्या सा आणि पंचमात लावल्या, आणि एक तार पडद्यावर दाबून बाजूला ओढली. स्वर वर चढला. वीणेवर चढतो तसाच. मी पुन्हा ओढली. दुपारचा स्वयंपाक त्या दिवशी फार उशिरा झाला.

वीणा मी शिकले ती आमच्या तंजावरकडच्या तिरुभुवनमच्या टीचरांकडे. आमच्याकडे तमिळ मुलखात शिकवणाऱ्या बाईंना टीचरच म्हणतात, त्यामुळे मीही लहानपणापासून तेच म्हणते. गिटार घेतल्याचं त्यांना सांगायला मला धीर होत नव्हता. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तार ती तार. पण त्यावर तोडी वाजवून दाखव, मग बोलू." पुढे सहस्रचंद्रदर्शनाचा त्यांचा समारंभ ठरला, वयाची ऐंशी उलटल्यावर करतात तो. जुन्या विद्यार्थ्यांनी येऊन एकेक कृती, म्हणजे बंदिश, वाजवावी अशी त्यांची इच्छा होती. मला निरोप आला: तू तोडी.

आता तोडी म्हणजे सगळी ओढाताणच. त्या रागातला गांधार जागेवर उभा राहतच नाही, तो सतत हलता ठेवावा लागतो, आणि त्यासाठी तार जीव लावून ओढावी लागते. मी रियाझाला बसले आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला गिटार बंद पडली. आवाज हळूहळू गेला असं नाही. होता आणि नाहीसा झाला. केबल हलवली, परत आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेला. थोडी थांबले, मोहनम् वाजवला, म्हणजे तुमच्याकडचा भूप, तर अगदी नीट. परत तोडी घेतली, परत गेला.

गावात वाद्यांचं एक दुकान आहे, तिथे नेली. दुकानदाराने लावली, दहा-पंधरा मिनिटं इंग्रजी गाण्यांचे तुकडे वाजवले, आणि परत दिली. "हिला काही झालेलं नाही, मॅडम." घरी आणली, तोडी घेतली, आवाज गेला. पुन्हा नेली, पुन्हा नीट. तिसऱ्यांदा मी गेले तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. त्याला वाटलं असणार, या बाईंना घरी करमत नाही.

आता मामंजींबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि निवृत्त झाले तेव्हा हाताखाली पुष्कळ माणसं होती. सासूबाई गेल्यापासून ते बोलायचे कमी झाले होते. ऐकूही कमी यायचं. नवऱ्याने त्यांना कानामागे लावायचं यंत्र आणून दिलं होतं. ते रोज सकाळी आंघोळीनंतर यंत्र निमूट कानाला लावायचे, तिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, पेपर घेऊन बसायचे, आणि जेवायला हाक मारली तरी ऐकायचे नाहीत. मी समोर जाऊन हाताने खूण करायची. मला वाटायचं, यंत्र काही कामाचं नाही, किंवा यांना आता आमचं ऐकायचंच नाही.

तिसऱ्यांदा दुकानातून आले त्या दुपारी मी वैतागून केबल उपसून काढत होते. मामंजी पाणी प्यायला आत आले होते. दारातच थांबले.

"काय झालें?"

मामंजींचं मराठी तंजावरच्या राजांच्या वेळचं आहे. पुण्याकडची माणसं ऐकून हसतात, आणि त्यात मिसळलेलं तमिळ तर त्यांना कळतच नाही. मामंजींना दुसरं येत नाही.

मी मोठ्याने सांगितलं, "वाजता वाजता आवाज जातो! परत येतो! परत जातो!"

"गेला म्हणजे कसा गेला?"

"कसा म्हणजे? गेला!"

"अगे, तसें नव्हे." ते आत आले आणि खुर्ची ओढून ॲम्प्लिफायरजवळ बसले. इतक्या दिवसांत ते माझ्या खोलीत बसले नव्हते. "टेलिफोन बंद पडला म्हणून लोक तक्रार करायचे, तेव्हां आम्ही एकच विचारायचो. कानाला लावल्यावर काय ऐकूं येतें? तार तुटली असली तर एक तऱ्हा. दोन तारा एकमेकींला चिकटल्या तर दुसरी तऱ्हा. बघ."

त्यांनी केबलचं गिटारकडचं टोक हातात घेतलं आणि अंगठा लावला. ॲम्प्लिफायर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंघावला.

"तार कोठें तुटली असेल तर अशी गुणगुण येईल. चिकटली असेल तर येणार नाहीं. अगदीं मुकी होईल. आतां तूं वाजव आणि आवाज गेला कीं सांग, काय ऐकूं येतें."

मी तोडी घेतली. आवाज गेला. मी कान देऊन ऐकलं. काहीच नव्हतं. पंख्याची घरघर तेवढी.

"काही ऐकू येत नाही," मी म्हणाले.

मामंजी वाकून ॲम्प्लिफायरपाशी कान नेऊन बसले होते. त्यांनी हात वर केला. "येतें कीं! गुणगुण येत्ये."

"मला नाही येत."

"मला येत्ये. तार तुटलीय कोठेंतरी."

ज्याला हाक ऐकू येत नाही तो मला ऐकायला शिकवतोय, हे मला गमतीचं वाटलं. पण त्यांचा चेहरा इतका जागा झाला होता, की मी गप्प राहिले.

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. जेवण झालं की मामंजी त्यांची जुनी पत्र्याची पेटी घेऊन माझ्या खोलीत यायचे. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डर करायची काडी, निळी इन्सुलेशन टेप, सगळं कापडात गुंडाळलेलं. पहिल्यांदा त्यांनी केबलवर संशय घेतला. नवऱ्याने तंजावरहून ऑफिसातून येताना नवी केबल आणली. तोडी घेतली, आवाज गेला. मग केबल जिथे खुपसतात त्या भोकावर संशय गेला. त्यांनी आतली पितळी पट्टी मला पक्कडीने जराशी वाकवायला सांगितली, म्हणजे ती केबलला घट्ट धरेल. त्यांचे स्वतःचे हात थरथरायचे, बारीक काम व्हायचं नाही. मी वाकवली. मोहनम् वाजवून पाहिला, सुंदर. मामंजी खूश होऊन कापी, म्हणजे कॉफी, प्यायला गेले. मी तोडी घेतली, आवाज गेला.

मग आवाज कमी-जास्त करायचं बटण. ते पुष्कळ वेळा गरागरा फिरवायला लावलं, आतली धूळ झडते म्हणून. नंतर ॲम्प्लिफायरकडची बाजू. प्रत्येक वेळी ते वाकून ऐकायचे आणि म्हणायचे, "गुणगुण आहे. तुटलेली आहे." आणि मला काहीच ऐकू यायचं नाही.

एक दिवस मी म्हणाले, "मामंजी, हे फक्त तोडीतच होतं."

"काय?"

"तोडी! दुसऱ्या कुठल्याच रागात होत नाही! दुकानात तो तोडी वाजवत नाही, म्हणून तिथे नीट वाजते!"

त्यांनी पक्कड खाली ठेवली. "विजेला राग कळतो काय?"

"ते मला माहीत नाही. पण असंच होतं. आणि गुणगुण येत नाही. मी रोज ऐकते. काही येत नाही."

"म्हणजे तुझे कान खरे आणि माझे खोटे."

ते मोठ्याने बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. पेटी गुंडाळून ते तिण्णैवर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आले नाहीत. मी एकटीच खोलीत बसले, वाजवलं मात्र नाही. समारंभ जवळ आला होता. टीचरांना फोन करून सांगावं का, की मी दुसरं काहीतरी वाजवते, असा विचार करत होते. पण त्यांना हे सांगायचं कसं? तार ती तार, असं म्हणणाऱ्या बाईंना वायरीची कारणं कशी द्यायची?

तेवढ्यात मामंजी घरात इकडून तिकडे फिरताना दिसले. फ्रिजपाशी गेले, मान वाकडी करून उभे राहिले. जिन्याखाली इन्व्हर्टर आहे, तिथे वाकले. परत आले, टीव्हीमागे डोकं घातलं. मला वाटलं, काही हरवलंय. मी विचारायला उठणार तोच ते माझ्या दारात आले. चेहऱ्यावर चोरी पकडली गेलेल्या पोराचा भाव होता.

"इन्व्हर्टरलाही तीच गुणगुण येत्ये," ते म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी कानामागचं यंत्र काढलं आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं. त्याला मुगाएवढं एक बटण होतं. एका बाजूला एम, दुसऱ्या बाजूला टी. बटण टीकडे होतं.

"एम म्हणजे माइक, टी म्हणजे टेलिफोन. फोन कानाला लावल्यावर वापरायचें. आंत एक तारेचें वेटोळें असतें. तें हवेंतला आवाज घेत नाहीं, चुंबकाचा घेतें. जिथें ट्रान्सफॉर्मर आहे तिथें गुणगुणतें. तुझ्या ॲम्प्लिफायरमध्यें ट्रान्सफॉर्मर आहे. मी तोच ऐकत होतों. गिटार गेली तरी तो चालूच होता."

मला समजायला जरा वेळ लागला. मग मी विचारलं, "पण बटण टीवर कधीपासून आहे?"

ते बाहेरच्या बाजूला बघायला लागले.

"मामंजी?"

"तुझ्या नवऱ्यानें आणून दिलें तेव्हांपासून."

मी वाकून ते बटण पाहिलं.

"पहिल्या दिवशीं एमवर लावलें होतें," ते घाईने म्हणाले. "मिक्सर, स्कूटर, त्या सिरियलींतल्या बायका, सगळें डोक्यांत शिरलें. माणूस कसा जगेल? टीवर केलें, तर शांत. तोही खूश, मीही खूश. सांगूं नको त्याला."

मला इतकं हसू आलं की गिटार बाजूला ठेवावी लागली. मग तेही हसले. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस इतके दिवस आमच्यावर रुसलाय असं मला वाटत होतं, आणि हा आपला टीवर बसलेला.

"आता एमवर करा," मी म्हणाले.

त्यांनी बटण सरकवलं, यंत्र कानाला लावलं आणि लगेच खांदे वर घेतले. मागच्या अंगणात कावळा ओरडत होता, शेजारी कोणीतरी खोबरं खवत होतं. ते सगळं त्यांच्यावर एकदम येऊन पडलं असावं. जरा वेळाने त्यांनी खांदे खाली सोडले.

"आतां बोल कांहीं."

"काय बोलू?"

"तुझा आवाज एवढा बारीक आहे?" ते म्हणाले. "मला वाटायचें, तूं सदा ओरडतेस."

मी तोडी वाजवली. आवाज गेला. या वेळी दोघांनी ऐकलं. मामंजींनी मान हलवली.

"तूं म्हणालीस तेंच खरें. मुकी. कोठेंतरी चिकटत्ये." मग जरा थांबून, "आणि तोडीचेंही खरें असेल. तोडींत तूं असें काय करतेस, जें दुसऱ्या रागांत करत नाहींस?"

"तार जास्त ओढते."

"ओढून दाखव. सावकाश."

मी ओढली. ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते, तार ओढणाऱ्या. मी पण तिकडेच बघत होते. तोडी वाजवताना सगळे तिकडेच बघतात. चार-पाच वेळा झाल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"डाव्या हातानें ओढतेस तेव्हां उजवा हात काय करतो?"

मला सांगता येईना. हात काय करतो हे आपल्याला कुठे माहीत असतं? मी पुन्हा ओढली आणि या वेळी उजव्या हाताकडे पाहिलं. डाव्या हाताने जोर लावला की तोल सांभाळायला माझ्या उजव्या तळव्याची कड गिटारच्या पुढच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटीवर दाबली जात होती, चांगलीच. मोहनम् वाजवताना तळवा तिथे नुसता टेकायचा.

"थांब," मामंजी म्हणाले. त्यांनी आपलं थरथरणारं बोट पुढे केलं. "तूं नुसती तार छेड."

मी तार छेडली. ती वाजत असतानाच त्यांनी पाटी बोटाने दाबली. आवाज गेला. बोट उचललं. उरलासुरला स्वर परत आला. पुन्हा दाबली, गेला. उचललं, आला.

मामंजींनी पेटी उघडली.

तारा सैल करून पाटीचे स्क्रू काढले. आवाज निवडायचा जो स्विच असतो, त्याच्या जवळचा एक स्क्रू मुळातच नव्हता, म्हणून पाटी तिथे दबत होती. पाटी उलटी केली आणि मी थक्क झाले. तिला आतून चकचकीत चांदीचा कागद चिकटवलेला होता. पोळ्या गुंडाळायला मी आणते तोच. माझ्याच स्वयंपाकघरातला.

मुलाला लगेच फोन लावला. "हो अम्मा, मीच लावला होता," तो म्हणाला. "बाहेरची खरखर येऊ नये म्हणून लावतात. व्हिडिओ बघून केलं होतं. का?"

"आणि स्क्रू कुठे आहे?"

"कुठला स्क्रू?"

मामंजींनी फोन माझ्या हातातून घेतला. "तूं नीट जेवतोस ना रे? हां. ठेव." आणि ठेवून दिला.

कागद लावणं चूक नव्हतं, मामंजी म्हणाले. रीतीनेच लावला होता. पण आमच्याकडच्या उन्हाळ्याने आणि दमटपणाने गोंद सुटला होता, आणि कागदाची एक कड वळून स्विचच्या पायाच्या, म्हणजे वायर जोडायच्या टोकाच्या, अगदी जवळ उभी राहिली होती. पाटी दाबली की ती कड पायाला टेकायची आणि सगळा आवाज त्या कागदातून अर्थिंगला जायचा. हात उचलला की पुन्हा मोकळं.

ते टॉर्च धरून बसले आणि मी चिमट्याने कागद सोडवायला लागले. हाताबरोबर टॉर्चचा उजेडही थरथरत होता, त्यामुळे सगळं वाऱ्यात असल्यासारखं दिसायचं. मी कागदाची वळलेली कड कापली, तिथे निळी टेप लावली. आणि तेवढ्यात माझ्याच हाताचा धक्का लागून स्विचची एक वायर निसटली.

"मामंजी!"

"सोल्डर करायची."

"मला येत नाही."

"मला येतें. पण माझे हात नाहींत. तूं कर, मी सांगतों."

काडी तापली. मी सोल्डरची तार काडीवर धरून तो थेंब वायरीवर टाकला. थेंब राखाडी दिसायला लागला आणि वायर ओढताच सुटली.

"तसें नव्हे, अगे. पायाला ताप दे. पाय आणि वायर तापली कीं सोल्डर तिथें आपण होऊन जाईल. त्याच्या मागें लागायचें नाहीं."

दुसऱ्यांदा केलं. पाय तापू दिला, मग सोल्डर लावलं, आणि ते खरंच तुपासारखं पसरत गेलं. थंड होईपर्यंत हलवायचं नाही, असं ते म्हणाले, म्हणून मी श्वास धरून बसले. ते चकचकीत राहिलं. मामंजींनी वायर ओढून पाहिली. "आमच्याकडे असतीस तर पहिल्या वर्षीं कायम केलें असतें," ते म्हणाले. माझ्या वीणेचं कौतुक मी पुष्कळदा ऐकलं आहे, पण इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

हरवलेल्या स्क्रूच्या जागी त्यांच्या पेटीतला एक बसवला. जरा मोठा होता, पण धरला. मग मी तोडी घेतली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाजली.

समारंभाच्या दिवशी नवऱ्याने गाडी काढली आणि मामंजी आधीच पुढच्या सीटवर बसलेले, धुतलेलं धोतर, अंगवस्त्र, मांडीवर पत्र्याची पेटी. नवरा माझ्याकडे बघून कुजबुजला, "अप्पा येतायत?" ते कुठल्याच समारंभाला येत नसत. पुढून मामंजी म्हणाले, "येतोंय. ऐकूं येतें मला." नवऱ्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

टीचरांचं घर तिरुभुवनमला विणकरांच्या गल्लीत आहे. एरवी तिथे दिवसभर मागांची खटखट चालते. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या घरांनी माग बंद ठेवले होते आणि सगळी मंडळी ऐकायला येऊन बसली होती. टीचर मधोमध, गळ्यात हार, अंगावर शेजाऱ्यांनी विणून दिलेली रेशमी साडी. त्या फार लहान दिसत होत्या. विद्यार्थी एकेक करून वाजवत होते, सगळे जमिनीवर बसून. माझी पाळी आली तेव्हा एक खुर्ची मध्ये आणून ठेवली आणि लोक जरा हलले. मी लाल गिटार घेऊन बसले. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

मी सुरुवात केली. आवाज येत होता. पण माझं लक्ष सुरांत नव्हतं, उजव्या हातात होतं. पाटी दाबली जाऊ नये म्हणून मी तळवा अधांतरी धरला होता, आणि त्यामुळे डाव्या हातालाही जोर येत नव्हता. स्वर लागत होते, पण तोडी होत नव्हती. गांधार नुसता कापत होता. मला ते कळत होतं, आणि हात खाली ठेवायचा धीर होत नव्हता. इतक्या लोकांत मुकी झाली तर?

टीचर डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी डोळे न उघडताच हात आपटला.

"अळुत्ति वासि!"

दाबून वाजव. शिकत होते तेव्हा याच स्वराला, याच घरात, त्या मला हेच ओरडायच्या. मी मामंजींकडे पाहिलं. ते भिंतीशी खुर्चीवर बसले होते, पेटी मांडीवर. त्यांनी आपला तळवा पेटीच्या झाकणावर ठेवला आणि अंगातलं सगळं बळ लावून तो खाली दाबून दाखवला.

मी हात ठेवला. पूर्ण ठेवला. तार जीव लावून ओढली आणि गांधार डोलायला लागला. आवाज राहिला. पुढच्या ओळीत पुन्हा ओढली, राहिला. मग मी पाटी, कागद, स्विच सगळं विसरले. किती वेळ वाजवलं ते माहीत नाही. संपलं तेव्हा टीचरांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "वीणेसारखं पडद्याला मेण नाही, मानेला भोपळा नाही. पण तोडी आहे." मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि गिटारच्या पांढऱ्या पाटीवरून, कुणाच्या पोराच्या गालावरून फिरवावा तसा हात फिरवला. मी त्यांना वाकून नमस्कार करू शकत नाही, म्हणून त्यांचे हात कपाळाला लावले.

जेवताना मामंजी टीचरांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. दोघांनाही जमिनीवर बसवत नव्हतं. टीचर त्यांना तमिळमध्ये विचारत होत्या, गिटार कुणी दुरुस्त केली. ते म्हणाले, "तिनेंच." त्यांनी मराठीतच सांगितलं. टीचरांना कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग म्हणाल्या, आमचा विजेवरचा श्रुतीचा डबा, तंबोऱ्यासारखा सूर धरणारा, मधेमधे खरखरतो, बघता का? मामंजींनी पायसाची वाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "खरखरतो म्हणजे कसा?"

तो डबा आम्ही त्याच आठवड्यात दुरुस्त केला. त्यात काही विशेष नव्हतं, बॅटरीच्या खाचेला गंज चढला होता. पण तेव्हापासून दारासुरमहून, स्वामीमलैहून, जवळपासच्या गावांतून, ओळखीतल्या ओळखीतून कोणी ना कोणी काहीतरी घेऊन येतं. कुणाचा तबल्याचा डबा, कुणाचा माइक. मामंजी तिण्णैवर बसून आधी पुष्कळ प्रश्न विचारतात, लोक कंटाळतात, मग ते मला हाक मारतात. मी ऐकते आणि सोल्डर करते. मिक्सर लावायच्या आधी मी त्यांना खूण करते आणि ते बटण टीवर सरकवतात. नवऱ्याला ते अजून कळलेलं नाही. तो सगळ्यांना सांगतो, की यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की फरक पडतो.

गिटारला त्यानंतर काही झालेलं नाही. मामंजींना मात्र ते पुरेसं वाटत नाही. दर थोड्या दिवसांनी ते म्हणतात, "एकदां उघडून बघूं. टेप नीट असेल ना?" मी म्हणते, नीट वाजतेय, कशाला उघडायची? ते म्हणतात, नीट वाजत्ये तेव्हांच उघडून बघावें, बिघडल्यावर कोणीही बघतो. परवा शेवटी मी हो म्हटलं. पाटी काढली, त्यांनी टॉर्च धरला, मी आत पाहिलं. सगळं जसंच्या तसं होतं. त्यांनी समाधानाने मान हलवली, मी स्क्रू परत बसवले, आणि ते म्हणाले, "आतां वाजव. मोहनम् नको."